सहा जणांची सोय

मोरेश्वर दाबके मीटिंगमध्ये बोलता बोलता झोपले. ऐकता ऐकता नव्हे, ते आम्ही सगळेच करतो. हा माणूस स्वतः उभा राहून बँकेच्या कॉम्प्युटरवर रात्री चालणाऱ्या कामांची बॅच का लांबते ते समजावून सांगत होता. मध्येच खुर्चीत बसला, "आणि त्यानंतर तिसरा जॉब" एवढं म्हणाला आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, आठवताहेत. अर्ध्या मिनिटानं त्यांची मान खाली आली आणि हातातलं पेन घरंगळत माझ्या पायाशी येऊन पडलं.

ही २००५ च्या मार्चमधली गोष्ट. मी आसावरी, ॲमस्टरडॅमच्या त्याच बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. हार्लेममध्ये दाबक्यांच्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहते. त्यामुळे सकाळची ट्रेन एक, ऑफिस एक आणि वरून खाली येणारा हिंगाचा वाससुद्धा ओळखीचा. या माणसाला मी सात वर्षं रोज बघत होते. उंच, थोडा पोक काढून चालणारा, सत्तेचाळीस वर्षांचा, खांद्याला थर्मासची पिशवी. कुणी काहीही मागावं आणि दाबक्यांनी ते करावं. पुण्याहून नवीन पोरं नोकरीला आली की स्किपोल विमानतळावर आणायला दाबके. गेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदणीला सोबत दाबके. सुट्टीवर गेलेल्या सहा घरांच्या किल्ल्या दाबक्यांच्या फ्रीजवर, आणि त्या सहा घरांतल्या झाडांना पाणीही तेच घालणार. भीड भिकेची बहीण म्हणतात. या माणसाच्या घरी ती कायमची मुक्कामाला आली होती.

तर मॅनेजरनं त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे काय झालं ते दाबक्यांनी मला दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये सांगितलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, शेवटची सुट्टी कधी घेतलीत? दाबके म्हणाले, डिसेंबरमध्ये, चार आठवडे, पुण्याला. बाई म्हणाल्या, छान, काय केलंत? आणि या सरळ माणसानं खरं खरं सांगितलं. दोन बॅगा भरून चॉकलेट, चीज आणि परफ्यूम नेले. एकतीस घरी जाऊन आलो. त्यांतल्या नऊ घरी जेवण, बाकीच्यांकडे पोहे. दोन लग्नं, एक मुंज. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोसायटीच्या पार्किंगचं भांडण. भावाच्या मुलाला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तो कसा चालवायचा तेही शिकवलं. सात वर्षांच्या सातही सुट्ट्या अशाच गेल्या. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाल्या, "मिस्टर दाबके, मी सुट्टी विचारली. तुम्ही मला काम सांगताय."

हे सांगताना त्यांना हसू येत होतं. मला नाही आलं, कारण आमची सुट्टीही काही वेगळी नसते.

बाईंनी पुढे जे सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. तुम्ही अजून आजारी नाही आहात, पण असेच चालत राहिलात तर वर्षाच्या आत आडवे व्हाल आणि मग उठायला दोन वर्षं लागतील, अशी माणसं मी रोज बघते, असं म्हणाल्या. औषध एकच. उन्हाळ्यात तीन आठवडे कुठेतरी जा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. फोन बंद. बायकोला घेऊन जा, बाकी कुणाला नको. इथली माणसं गाडीमागे घर बांधून कुठल्यातरी शेतात जातात आणि खुर्ची टाकून बसतात, तसं बसा.

त्यांची बायको शामला हे ऐकून रडलीच. लायब्ररीत अर्धा दिवस पुस्तकं लावायचं काम करते ती. मितभाषी, कामाला वाघ. त्यांची मुलगी प्रांजली त्याच वर्षी शिकायला एनस्खेडेला गेलेली, घरात दोघंच उरलेली. शामला माझ्याकडे खाली आली आणि म्हणाली, "आसावरी, मला काही बघायचं नाहीये गं. स्वित्झर्लंड नको, पॅरिस नको. यांना एकदा दुपारचं शांत झोपलेलं बघायचंय. एवढंच."

एवढंच. पण दाबक्यांना विश्रांती घ्यायची म्हटल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल? एक्सेल शीट उघडली.

आता गाडीमागे बांधायचं घर दोन प्रकारचं असतं. एक सगळ्यांना ठाऊक असलेली पक्क्या भिंतींची कॅराव्हान. डच लोक तिची चेष्टा करतात, ओढायची झोपडी म्हणतात आणि तरी घेतात. दुसरी घडीची. तिला इथे फाउवागन म्हणतात. बंद असते तेव्हा ती एक बुटकी, चपटी पेटी. मुक्कामाला पोचलं की झाकण उघडायचं, दांडे ओढायचे, कापड ताणायचं आणि दोन्ही अंगांना एकेक पलंग बाहेर काढायचा. मग उभं राहण्याइतकं घर होतं. ती हलकी, लहान गाडीही ओढू शकते. पण पाऊस आला की कापडावर तडतड वाजतं, आणि निघताना ओलं कापड घडी करून नेलं तर बुरशी येते. दाबक्यांनी दोघींना समोरासमोर उभं केलं आणि खाली सव्वीस मुद्दे लिहिले. वजन, पेट्रोल, उभारायला लागणारा वेळ, पाऊस, संडास, स्वयंपाक. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी महत्त्व. रात्री अकराला बँकेचे फोन संपले की हे चालायचं. विश्रांती कशी घ्यावी यावर हा माणूस सहा आठवडे जागला.

एप्रिलमध्ये आम्ही हेमस्टेडला एक फाउवागन बघायला गेलो. सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावलेली होती. शामलानं मला सोबत ओढलं. मालक म्हणजे सत्तरीचं एक जोडपं, आजोबांचे गुडघे गेले म्हणून विकत होते. त्यांनी अंगणात ती उभारून दाखवली. दोघं एक शब्द न बोलता काम करत होती. आजींनी दांडा धरला की आजोबा खिट्टी लावायचे, आजोबा वाकले की आजी कापड उचलायच्या. वीस मिनिटांत घर तयार. शामला आत शिरली, डाव्या पलंगावर बसली, उजव्या पलंगाकडे बघत राहिली. तिनं आजींना तिच्या नीट, क्लासमध्ये शिकलेल्या डचमध्ये विचारलं, "तुमच्याकडे यात कधी पाहुणे यायचे का?"

आजी हसल्या. "यात? यात बसवणार कुठे? तीस वर्षं आम्ही दोघंच."

परतताना शामला गाडीत गाणं गुणगुणत होती. मी तिला त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी होफडॉर्पजवळच्या मैदानात कॅराव्हान बघायला गेलो. तिथे वापरलेल्या कॅराव्हान रांगेनं उभ्या होत्या. विक्रेत्यानं एक दाखवली, आठ वर्षांची, स्वच्छ, मागे दोन बंक, मधलं टेबल खाली केलं की दोघांचा बिछाना, पुढे तसाच आणखी एक. "सहा जणांची सोय," असं तो म्हणाला आणि दाबक्यांचे डोळे चमकले ते मी पाहिलं. ते आत गेले, दार ओढून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शामला म्हणाली, बघ गं काय करताहेत. मी दार उघडलं तर पुढच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसलेले.

"इथे आवाज येत नाही, आसावरी," ते म्हणाले. "अजिबात."

हे वाक्य शीटमध्ये कुठेच गेलं नाही. शीटमध्ये गेलं ते 'झोपायची सोय : सहा', आणि त्याला महत्त्व दहापैकी दहा.

रविवारी त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, अनिमेषला, चहाला बोलावलं. कांदेपोहे आणि प्रत्येकाच्या हातात शीटचा प्रिंटआउट. "तुमचं मत सांगा," दाबके म्हणाले. "आता बघा, दोघांपुरतं बघितलं तर फाउवागन पुढे जाते. पण आपल्याला नुसतं दोघांचं बघून कसं चालेल? उद्या दादा आले, आई आली, प्रांजलीच्या मैत्रिणी आल्या. आलेल्या माणसाला काय तंबूबाहेर झोपवायचं?"

आपल्याकडे हे असंच असतं. भात टाकताना एक मूठ जास्त टाकायची, कुणी आलंच तर. त्या मुठीनं काही बिघडत नाही. पण इथे डॉक्टरनं सांगितलेली विश्रांती होती, आणि तिच्यात हा माणूस चार मुठी जास्त टाकत होता.

शामला चहाचे कप भरत होती. ती म्हणाली, "मला ती कापडाची आवडली. दोनच पलंग आहेत म्हणून आवडली."

तिच्या मुद्द्यासाठी शीटमध्ये ओळच नव्हती. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, "कॅराव्हानच घ्या, मोरेश्वर. पक्क्या भिंती त्या पक्क्या भिंती. पावसाचं टेन्शन नाही."

खरं सांगते, मी पावसाचा विचार करत नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे येणार होते, आणि दाबक्यांची कॅराव्हान म्हणजे मागितली की मिळणार हे मला ठाऊक होतं. शामलानं कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. तिला कळलं असावं. मी पोह्यांवर लिंबू पिळलं.

कॅराव्हान आली. दाबक्यांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना ईमेल टाकली : 'आमचं चाकांवरचं घर. सहा जण आरामात झोपतात. आता या सगळे!' असं लिहायची पद्धत असते. ज्यानं लिहिलं त्याला आणि ज्यानं वाचलं त्याला दोघांनाही ठाऊक असतं की कुणी येणार नाही. पण दाबक्यांचे थोरले भाऊ बाळासाहेब नाशिकला नुकतेच रिटायर झाले होते. त्यांचं चार दिवसांत उत्तर आलं. मी आणि लीलावती येतो. सोबत लीलावतीची बहीण आणि तिचे यजमानही येतो म्हणताहेत, नाहीतरी जागा आहेच. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! इथे व्याहीसुद्धा नव्हते, भावाचे साडू होते.

"नाही म्हणा," मी ट्रेनमध्ये दाबक्यांना म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"अगं, दादा आयुष्यात पहिल्यांदा काही मागतोय. आणि सुट्टी तर घेतोच आहे ना मी. बसायचंच आहे, चार माणसांत बसू." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. स्टेशन आल्यावर मला त्यांना हलवून उठवावं लागलं.

जुलैमध्ये मंडळी आली. दाबके एकटेच त्यांना आणायला गेले, चौघे अधिक एक, गाडीत छान मावले. चार दिवस हार्लेम, ॲमस्टरडॅम दाखवून झालं. पाचव्या दिवशी सकाळी निघायचं म्हणून आदल्या संध्याकाळी सामान चढत होतं. मीही मदतीला खाली उतरले होते. शामलानं दशम्या, मेतकूट, भाजणी, लोणची असं सगळं कॅराव्हानच्या कपाटात लावलं आणि शेवटी स्वतःची छोटी निळी बॅग आणली. तेव्हा लीलावतीवहिनी सहज म्हणाल्या, "अगंबाई, पण गाडीत आपण सहा जण बसणार कसे?"

दाबक्यांनी वळून गाडीकडे पाहिलं. पाच सीट. सव्वीस मुद्दे, दहापैकी महत्त्व, तीन रंग, आणि या माणसानं पलंग मोजले होते, सीट मोजल्याच नव्हत्या. मीही मोजल्या नव्हत्या, अनिमेषनंही नाही.

"शामला मागे कॅराव्हानमध्ये बसेल की," बाळासाहेब म्हणाले. "पलंगच आहे. आडवी होऊन येईल."

"चालत्या कॅराव्हानमध्ये बसू देत नाहीत, दादा. पोलीस पकडतात."

साडू ट्यूलिपच्या चित्राचा मग कागदात गुंडाळत राहिले. त्या चौघांपैकी एकानं म्हणायला हवं होतं की आम्ही थांबतो. दाबक्यांनी म्हणायला हवं होतं. मी परकी, पण मीसुद्धा म्हणू शकले असते. शेवटी शामलाच म्हणाली, "मी राहते. लायब्ररीतही सध्या माणसं कमी आहेत." आणि सगळ्यांना हायसं वाटलं ते मला स्पष्ट दिसलं. तिनं निळी बॅग उचलली आणि जिना चढून वर गेली. मला तिच्या मागे जायची लाज वाटली.

तीन आठवडे दाबके गाडी चालवत होते. कॅराव्हान मागे असली की ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही. त्या वेगानं पॅरिस, ब्लॅक फॉरेस्ट, इंटरलाकेन, परत. मुक्कामाला पोचलं की पाणी भर, गॅस लाव, संडासाची टाकी रिकामी कर. बाकीचे दमलेले असत, कारण ते दिवसभर बसलेले. वहिनींनी पक्क्या भिंतींच्या आत रोज तीन वेळा फोडणी केली. साडू घोरायचे म्हणून दाबके बऱ्याचदा गाडीच्या पुढच्या सीटवर झोपायचे. फोन बंद नव्हता, मंडळींना नाशिकला बोलायचं असे.

ते परत आले त्या दिवशी मी त्यांना जिन्यात पाहिलं. दोन मजले चढायला तीन वेळा थांबले. मी विचारलं, कशी झाली सुट्टी? "छान," ते म्हणाले. "सगळे खूश होते." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि त्या चौघांचा, आणि माझा. त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेऊन मी मुकाट्यानं वर पोचवली.

कॅराव्हान दारात उभी करायची तर गेमेंतेचा नियम तीन दिवसांचा. म्हणून ती गेली हिलेगोमला, एका फुलांच्या कंदांच्या शेतकऱ्याकडे. त्याच्या गोदामात एका बाजूला कंद असतात आणि दुसऱ्या बाजूला लोकांच्या कॅराव्हान, एकीला एक चिकटून, दोनशेवर. दाबक्यांची सर्वांत शेवटी आली म्हणून दाराजवळ लागली. मला वाटलं, संपला विषय.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरबाईंनी दाबक्यांना पुन्हा बोलावलं, आणि तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी त्यांची खुर्ची दुपारी एकनंतर रिकामी दिसायला लागली. मी विचारलं तर म्हणाले, फिजिओथेरपी. शामलाला विचारलं, काय गं, फिजिओचा उपयोग होतोय का? ती म्हणाली, कसली फिजिओ? हे तर नेहमीसारखे सातला येतात. मी विषय बदलला. सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष आठवड्यातून दोनदा दुपारी गायब होतो, याचा अर्थ माझ्या मनात यायचा तो आलाच. दाबक्यांच्या बाबतीत तो बसत नव्हता, पण म्हटलं, माणसाचं काय सांगावं.

डिसेंबरातला गुरुवार. मी रजा घेऊन घरी होते. सव्वाचारला शामला माझ्या दारात, पायात घरातल्या सपाता, चेहरा पांढराफटक. "हिलेगोमहून फोन आला. हे कॅराव्हानमध्ये आहेत. दार आतून लावलंय. तो माणूस ठोठावतोय, हे उघडत नाहीयेत."

"पुढे काय म्हणाला?"

"मी फोन ठेवला. आसावरी, गाडी काढ."

मी गाडी काढली. हिलेगोम वीस मिनिटांवर आहे. शामला पूर्ण वेळ हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. एकदाच बोलली. "मंगळवारी सकाळी मला म्हणाले होते, शामला, मी फार दमलोय. मी म्हटलं, चहा घेता का?" मला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, पण वर्षाच्या आत आडवे व्हाल, हे डॉक्टरबाईंचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

गोदामाच्या फाटकाशी शेतकरी लाकडी बुटांत उभा होता, हातात टॉर्च आणि किल्ली. आम्ही उतरायच्या आत म्हणाला, "काही झालेलं नाही, बाई. खिडकीतून टॉर्च मारून पाहिलं. पांघरूण वरखाली होतंय. तुम्ही फोन लगेच ठेवलात, मग तुमचा फोन कुणी उचलेना."

शामला तिथेच कंदांच्या एका पालथ्या खोक्यावर बसली आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून ओढणी लावून रडली. शेतकरी आदबीनं दुसरीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "मंगळवार, गुरुवार येतात. स्टेशनवरून चालत. ओल बघायची म्हणाले पहिल्यांदा. ओल बघायला चार तास लागत नाहीत, ते मलाही कळतं. पण माझं काय जातंय? आज मात्र मला पाचला कुलूप लावून आईकडे जायचंय. किल्ली आहे माझ्याकडे, पण आत माणूस झोपलेला असताना मी कसं उघडू?"

त्यानं किल्ली शामलाच्या हातात दिली. दोन कॅराव्हानच्या मधून अंग चोरत आम्ही दारापर्यंत गेलो. आत पाऊल टाकलं आणि आधी वास आला. हिंग-मोहरीचा. लीलावतीवहिनींच्या फोडण्या गाद्यांत जिरून राहिल्या होत्या. टेबल खाली केलेलं, त्यावर दोघांचा बिछाना. दाबके कोट घालून, कानटोपी घालून, दोन रजयांखाली भिंतीकडे तोंड करून झोपले होते. शेतकऱ्याच्या फोर्कलिफ्टचा आवाज नको म्हणून कानात कापसाचे बोळे. खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर बूट नीट जोडून ठेवलेले. थर्मास. गजराचं घड्याळ, साडेचारला लावलेलं, ते बिचारं वाजून वाजून थकलं असणार.

मला त्यांना गदागदा हलवायचं होतं. बायकोचा जीव घेत होतात की काय, असं ओरडून विचारायचं होतं. मी हात पुढे केलाच होता. शामलानं माझं मनगट धरलं आणि मानेनं नाही म्हणाली. ती उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. तेव्हा मला आठवलं, तिनं मार्चमध्ये माझ्याकडे येऊन फक्त एवढंच मागितलं होतं.

"किती वाजले?" तिनं हळूच विचारलं.

"पाचला वीस कमी."

तिनं सपाता काढल्या, त्यांच्या बुटांशेजारी वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि रजईचं टोक उचललं. "सरका जरा," ती म्हणाली. कानात बोळे असूनही तो माणूस झोपेतच भिंतीकडे सरकला. ती कोटासकट आत शिरली. मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.

शेतकऱ्यानं मला त्याच्या छोट्या ऑफिसात कॉफी दिली. हीटरजवळ बसून मी विचार करत होते. शामलाला आवडलेली ती घडीची घेतली असती तर आज इथे एक चपटी बंद पेटी पडून असती, आणि या माणसाला दुपारी आडवं व्हायला जगात कुठेही जागा नसती. म्हणजे माझं मत बरोबर निघालं होतं. मला त्याचा काडीइतका आनंद झाला नाही.

पाचला दोघं बाहेर आली. शामलाच्या एका गालावर उशीची घडी उमटली होती. मला बघून दाबके ओशाळले.

"डॉक्टरबाईंनी दोन दुपारी आडवं व्हायला सांगितलंय. घरी आडवं झालं की फोन वाजतो," ते म्हणाले. "नाहीतर कुणीतरी किल्ली मागायला येतं."

"अहो, पण शामलाला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? नवऱ्याला झोपायला हिलेगोमला जावं लागतं?"

शेतकऱ्यानं कुलूप लावलं.

जानेवारीपासून गुरुवारी शामलाही लायब्ररीतून परस्पर हिलेगोमला जायला लागली. फेब्रुवारीत एकदा मी सायकल काढायला तळघरात गेले तर दाबक्यांच्या कोपऱ्यात प्लायवुडच्या चार फळ्या आणि अरुंद गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसल्या. कॅराव्हानमधले बंक आणि पुढचा बिछाना. मला वाटलं, काहीतरी दुरुस्ती चालू असेल.

एप्रिलमध्ये सासू-सासऱ्यांची तिकिटं निघाली. मी श्रीखंडाचा डबा घेऊन वर गेले. एवढं सगळं पाहूनसुद्धा गेले, कारण माणसाची सवय जात नाही, आणि दाबक्यांकडे मागायची सवय मला आठ वर्षांची होती. म्हटलं, "मोरेश्वर, जुलैमध्ये दहा दिवस कॅराव्हान द्याल का? अनिमेष चालवेल. आई-बाबांना जरा जर्मनी दाखवून आणू म्हणतो."

दाबक्यांनी हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात शामलाचं भांडी लावणं थांबलं.

"नाही जमणार, आसावरी," ते म्हणाले.

"दुरुस्तीला आहे का?"

"नाही. दुरुस्त आहे." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तिच्यात आता दोघांचीच सोय आहे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं 'नाही', आणि ते नेमकं माझ्या वाट्याला आलं. आत शामला पुन्हा भांडी लावायला लागली होती आणि हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. मी श्रीखंडाचा डबा टेबलावर ठेवला, खाली आले आणि अनिमेषला म्हटलं, आई-बाबांसाठी हॉटेल बघ.